पिंपल्सच्या कॉम्बिनेशन क्रीमने चेहरा सोलवटलाय, चालू ठेवू की बंद करू?

निंबोणी :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या. वय २७, हनुवटी आणि गालांवर कॉलेजपासून पिंपल्स, मधली दोन वर्षं बरी गेली आणि आता परत धुमाकूळ. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अडापलीन ०.१ टक्के आणि बेंझॉईल पेरॉक्साईड २.५ टक्के असं एकत्र असलेलं जेल लिहून दिलं. रात्री लावायचं, सकाळी सनस्क्रीन, तीन महिन्यांनी दाखवायला या, बस्स, पाच मिनिटांत मी बाहेर. आज नववा दिवस आहे. नाकाच्या बाजूला आणि तोंडाच्या कोपऱ्यात पापुद्रे निघतायत, नुसतं पाणी लागलं तरी भगभगतं आणि कहर म्हणजे पिंपल्स कमी व्हायच्या ऐवजी चार नवीन आलेत. नेटवर निम्मे लोक म्हणतात हे पर्जिंग आहे तग धर, निम्मे म्हणतात आत्ताच्या आत्ता बंद कर. कोणी वापरलंय का? चालू ठेवू की बंद करू?

उनाड :
चालू पण ठेव आणि बंद पण कर. एक दिवस हे, एक दिवस ते. (हलके घ्या.)

खडूस_काका :
आधी ती ट्यूब कचऱ्यात टाका. पेरॉक्साईड म्हणजे ब्लीच हो, ब्लीच. आमच्या वेळी मुरुम यायचे, दोन वेळा गार पाण्याने तोंड धुवायचो, आपोआप जायचे. आता म्हणे त्याला तीन महिन्यांचा कोर्स.

मीरा_प :
काका, तुमचे मुरुम वय सरलं म्हणून गेले, पाण्याने नाही. :)
निंबोणी, मी हेच कॉम्बिनेशन तीन वर्षांपासून वापरतेय म्हणून सांगते. माझा पहिला महिना भयंकर होता. ऑफिसमध्ये कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्यात. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मला फार उशिरा कळलं. एक म्हणजे जे पिंपल्स आत दबा धरून बसलेले असतात ते लवकर वर येतात, ते नेहमीच्याच जागी येतात आणि पटकन जातातही. त्याला लोक पर्जिंग म्हणतात. दुसरं म्हणजे कातडीची आग, लाली, पापुद्रे. ते पर्जिंग नाही, ती नुसती जळजळ आहे, आणि ती सहन केल्याबद्दल कोणी बक्षीस देत नाही. मी दात ओठ खाऊन सहन केली आणि पिंपल गेले पण त्या जळजळीचे काळे डाग गालावर आठ महिने राहिले. सावळ्या त्वचेवर हे फार होतं. त्यामुळे "तग धर" वाल्यांचं सरसकट ऐकू नकोस.

गोळीवाला :
मी फार्मसिस्ट आहे. औषधं देतो, लिहून देत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण चालू की बंद याच्या आधी चार प्रश्न. किती लावता? तोंड धुतल्यावर किती वेळाने लावता? नुसत्या पिंपलवर की सगळीकडे? आणि या नऊ दिवसांत चेहऱ्याला अजून काय काय लागलंय, फेसवॉशसकट सगळं सांगा.

निंबोणी :
फेसवॉश सॅलिसिलिक अॅसिडचा, आधीपासूनचाच, सकाळ संध्याकाळ. धुतलं की टॉवेलने पुसून लगेच लावते, गार वाटतं म्हणून. किती म्हणजे, तर्जनीच्या पहिल्या पेरावर एक जाड रेघ, आणि मग गालांना पुरलं नाही म्हणून अजून अर्धी. सगळीकडे चोळते. पापुद्रे निघायला लागले म्हणून दोनदा स्क्रब केलं. आणि, हसू नका, पण लवकर गुण यावा म्हणून परवापासून सकाळी पण लावतेय.

उनाड :
अरारारा.

अर्धवट :
नाही हसलो. फक्त टेबलाखाली गेलो होतो.

मीरा_प :
अगं बाई! सकाळी पण?? आणि वर स्क्रब?? तुझा चेहरा अजून जागेवर आहे हेच नशीब.

गोळीवाला :
सापडलं. क्रीमची काही चूक नाही, तुम्ही साधारण तीन माणसांचं औषध एका चेहऱ्यावर लावताय आणि तेही दिवसातून दोनदा.
पूर्ण चेहऱ्याला एका वाटाण्याएवढं जेल लागतं. एक. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल असे पाच बारीक ठिपके द्यायचे आणि हलक्या हाताने पसरायचं. पसरल्यावर दिसेनासं झालं पाहिजे, पांढरा थर राहिला तर जास्त झालंय.

उनाड :
वाटाणा ओला की सुका?

गोळीवाला :
सुका घ्या, म्हणजे भांडणच नको. :)
आता जरा नीट लिहितो कारण हे डॉक्टर लिहून देतात पण पाच मिनिटांत समजावून सांगणं होत नाही. अडापलीन हे रेटिनॉईड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातलं. त्वचेच्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून जे बूच बसतं ते हे बसू देत नाही. बेंझॉईल पेरॉक्साईड आत ऑक्सिजन सोडतं आणि पिंपलमधल्या जिवाणूंना तो सोसत नाही, त्यामुळे ते मरतात. एक बूच काढतो, दुसरा आतली गर्दी हटवतो, म्हणून दोघं एकत्र. पण त्वचा कोरडी दोघंही करतात, म्हणजे त्रासही दुप्पट.
ओल्या किंवा नुकत्याच पुसलेल्या त्वचेवर लावलं तर बरेच जणांना जास्त झोंबतं. सौम्य फेसवॉशने धुवा, टिपून घ्या, पंधरा वीस मिनिटं थांबा आणि मग लावा. नाकपुड्यांच्या खोबणी, ओठांचे कोपरे, डोळ्याभोवतीचा भाग सोडायचा, तिथे आधी पेट्रोलियम जेली लावली तर जेल तिकडे सरकत नाही. सॅलिसिलिकचा फेसवॉश आणि स्क्रब दोन्ही रजेवर पाठवा. वॅक्सिंग तर चेहऱ्यावर अजिबात नको, कातडीच निघून येते.
आत्ता माझ्या मते दोन चार दिवस जेल पूर्ण थांबवून नुसतं साधं मॉइश्चरायझर, आणि उद्या डॉक्टरांना एक फोन. त्वचा शांत झाली की दिवसाआड, तेही सोसेल तर.

उनाड :
एक मिनिट. दिवसाआड?? म्हणजे एक दिवस चालू, एक दिवस बंद? माझा प्रतिसाद क्रमांक एक सर्वांनी परत वाचावा. कन्सल्टेशन फी कुठे पाठवताय?

मीरा_प :
बंद घड्याळ पण दिवसातून दोनदा बरोबर असतं रे.

अर्धवट :
कोणी सांगितलं नसेल तर एक धोक्याची सूचना: टॉवेल. माझ्या धाकट्या भावाला हे जेल दिलं होतं, आईचा नवाकोरा निळा टॉवेल, दोन आठवड्यांत त्यावर नारिंगी नकाशा. मग उशीचा अभ्रा. मग माझा काळा टीशर्ट, जो त्याने न विचारता घातला होता. आईला महिनाभर वाटत होतं वॉशिंग मशीन बिघडलंय, माणूस बोलावून दाखवलं पण. बेंझॉईल पेरॉक्साईड कापडाचा रंग उडवतं, पांढरं वापरा. भुवयांना आणि केसांना पण लागू देऊ नका, भावाची एक भुवई थोडी सोनेरी झाली होती, फोटोत अजून दिसते.

खडूस_काका :
मी काय म्हणालो होतो? ब्लीच.

सानिकाची_आई :
छान धागा. माझा प्रश्न जरा वेगळा. मुलगी १५ ची, तिच्या मावसबहिणीला क्लिंडामायसिन आणि बेंझॉईल पेरॉक्साईडचं क्रीम दिलं होतं, तिचा चेहरा काचेसारखा झाला म्हणून उरलेली ट्यूब हिने आणली आणि नुसत्या पिंपलवर टिकल्या लावल्यासारखं लावते. चालेल ना? नावात दोघींच्याही बेंझॉईलच आहे.

गोळीवाला :
नाही हो ताई, आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक आहे. ते एकटं बरेच दिवस लावलं तर जिवाणू त्याला सरावतात, म्हणून त्याच्या जोडीला बेंझॉईल पेरॉक्साईड देतात कारण त्याला जिवाणू सरावत नाहीत. तरीही अँटिबायोटिकवालं क्रीम महिनोन्महिने ओढायचं नसतं, साधारण तीन महिन्यांच्या आसपास डॉक्टर परत बघून बदलतात. मनाने सुरू आणि मनाने बंद हेच नको. क्वचित कोणाला क्लिंडामायसिनने पोट बिघडतं, जुलाब जोरात झाले तर लावणं थांबवून डॉक्टरांना सांगायचं.
दुसरं, त्या ट्यूबवरची तारीख बघा. छापलेली एक्स्पायरी वेगळी आणि उघडल्यानंतरची मुदत वेगळी, अशी काही क्रीमं उघडल्यावर दोन तीन महिनेच चांगली राहतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, पण खोका आपण पहिल्याच दिवशी फेकतो.
टिकल्यांबद्दल: जो पिंपल दिसतो त्याची तयारी आत कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते. नुसत्या टिकल्या लावणं म्हणजे घरी आलेल्या चोराला पकडणं आणि दार उघडंच ठेवणं. जिथे जिथे येतात तो पूर्ण भाग लावायचा असतो.

सानिकाची_आई :
बाप रे. ट्यूब तपासली, मागच्या वर्षीची निघाली. मुलीची अपॉइंटमेंट घेते.

जुनी_पानं :
अवांतर आहे पण राहवत नाही. या रेटिनॉईड घराण्याचा इतिहास फार काळा आहे. घराण्यातलं थोरलं ट्रेटिनॉईन, ते मुरुमांसाठी १९७१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या मागे अल्बर्ट क्लिगमन नावाचे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचातज्ज्ञ होते. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७४ पर्यंत या गृहस्थांनी कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग केले. थोडेफार पैसे देऊन, आणि आपल्या अंगावर नक्की काय लावतायत हे बहुतेकांना धड सांगितलेलंही नसायचं. अडापलीन बरंच नंतरचं, १९९६ मधलं. ट्रेटिनॉईन उजेडात आणि पेरॉक्साईडच्या संगतीत विघटित होतं, अडापलीन टिकतं, म्हणूनच हे दोघं एका ट्यूबमध्ये राहू शकले. निंबोणी वापरतेय तो जोड २००८ मध्ये मंजूर झाला. आपण दोन मिनिटांत चेहऱ्यावर फासतो त्यामागे कोणाकोणाची कातडी गेलीय हे आठवतं एवढंच.

मीरा_प :
हे माहीत नव्हतं. आज रात्री ट्यूब उघडताना आठवणार आता.

रेवा :
माझं पण हेच जेल चालू आहे, सहा महिने झाले, उत्तम गुण. पण आता आम्ही बाळाचा विचार करतोय. बाहेरून लावायचं आहे तर चालत असेल ना?

गोळीवाला :
रेवा, इथे अंदाजाने काही करू नका. गरोदरपणात लावायची रेटिनॉईड्स सुद्धा टाळायलाच सांगतात, अडापलीन त्यात आलं. त्वचेतून फारच थोडं आत जातं हे खरं, पण मुरुमांसाठी कोणी तो धोका पत्करत नाही. प्रयत्न सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. अॅझेलेइक अॅसिडसारखे पर्याय आहेत, ते बदलून देतील. आणि नकळत राहिलंच तर घाबरून जाऊ नका, थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

रेवा :
धन्यवाद. नवऱ्याला वाचायला दिलं, तो म्हणतो आता मी लावतो उरलेली.

गोळीवाला :
त्यालाही नको. :)

कवडसा :
आधी कधी लिहिलं नाही इथे, पण "कॉम्बिनेशन क्रीम" हा शब्द वाचून लिहावंसं वाटलं. मी पण कॉम्बिनेशन क्रीमच लावत होते. दीड वर्ष. मैत्रिणीने दिली होती, तिला डागांसाठी लिहून दिलेली, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि तिसरं एक. ते तिसरं स्टेरॉईड होतं, हे मला वाचता येत होतं पण कळत नव्हतं. पहिल्या आठवड्यात चेहरा इतका सुंदर झाला की लोक विचारायचे काय लावतेस, आणि मी, देवा, तीन जणींना नाव सांगितलं. मग दोन दिवस लावलं नाही की चेहरा लाल, गरम, आणि बारीक बारीक पुळ्यांचं पीक, सगळ्या एकसारख्या. परत लावलं की शांत. म्हणजे मला वाटायचं क्रीमच औषध आहे, आणि क्रीमच आजार होती. गालावर बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागल्या, कातडी कागदासारखी पातळ, वरच्या ओठावर लव वाढली. सोडवायला डॉक्टरांना पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांत मी आरशावर टॉवेल टाकला होता. ज्या तिघींना नाव सांगितलं त्यांना एकेकीला फोन केला, एकीने उचलला नाही.
ट्यूबवरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असलं काही दिसलं तर ते मुरुमांचं औषध नाही, उलट त्याने मुरुम येतात.

मीरा_प :
कवडसा, तुला मिठी. हे लिहिलंस ते फार बरं केलंस.

सानिकाची_आई :
आत्ता घरातल्या सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडून वाचतेय. अकरा निघाल्या.

गोळीवाला :
कवडसांचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा. एकच पुरवणी: दीड वर्ष लावलेलं स्टेरॉईड हे वाचून कोणी झटक्यात बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा, नाहीतर उसळी फार वाईट येते.

खडूस_काका :
पुरावा आणलाय. बेंझॉईल पेरॉक्साईडमध्ये बेंझीन सापडलं. बेंझीन! कॅन्सर होतो त्याने. आता बोला.

गोळीवाला :
काका, बातमी खरी आहे, अर्धी आहे. २०२४ मध्ये एका खासगी प्रयोगशाळेने सांगितलं की बेंझॉईल पेरॉक्साईड उष्णतेने मोडून बेंझीन तयार होतं. मग अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ९५ प्रॉडक्ट्स तपासली आणि मार्च २०२५ मध्ये निकाल दिला: ९० टक्क्यांहून जास्तमध्ये बेंझीन सापडलंच नाही किंवा अगदीच नगण्य, मोजकी काही प्रॉडक्ट्स परत मागवली. आपल्या कामाचं एवढंच की ट्यूब उन्हात, गाडीत, गॅसजवळ ठेवू नका आणि मुदत संपली की टाकून द्या.

खडूस_काका :
हं. म्हणजे कचऱ्यात टाका हे बरोबरच होतं माझं, फक्त तारीख चुकली.

अर्धवट :
काका आणि उनाड दोघं मिळून क्लिनिक काढा.

निंबोणी :
मंडळी, अपडेट. डॉक्टरांना फोन केला. आधी ओरडा खाल्ला (सकाळचं लावणं, स्क्रब). मग विचारलं, ओठ किंवा डोळे सुजलेत का, गांधी उठल्यात का, श्वासाला त्रास आहे का. नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलेलं आवाजात कळलं, कारण बेंझॉईल पेरॉक्साईडची खरी अॅलर्जी असणारे थोडे लोक असतात, तसं असेल तर ते कायमचं बंद आणि श्वास अडकला तर थेट हॉस्पिटल. माझी नुसती जळजळ निघाली. पाच दिवस पूर्ण बंद, मग आठवड्यातून तीन रात्री, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाणा, मग परत मॉइश्चरायझर. सकाळी एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, ढग असले तरी. आणि म्हणाले बारा आठवड्यांच्या आत आरशासमोर निकाल लावायचा नाही.
बाकी मला मनातून वाईट याचं वाटलं की त्यांनी पहिल्या दिवशी "थोडंसं" म्हटलं होतं आणि मी आपली माझ्या मनाचं "थोडंसं" लावत बसले.

मीरा_प :
सगळ्यांचं तेच होतं गं. एवढ्या बारीक ट्यूबचे पैसे दिल्यावर हात आपोआप सैल सुटतो.

उनाड :
आठवड्यातून तीन रात्री = दिवसाआड. नोंद घ्यावी.

निंबोणी :
धागा वर काढतेय. अकरा आठवडे झाले. चौथ्या आठवड्यात सोडून द्यायच्या बेतात होते, काही म्हणजे काहीच फरक नव्हता, मीरा_प ला खासगी निरोप करून रडले पण. सहाव्या सातव्या आठवड्यापासून नवीन येणं कमी झालं. आता रोज रात्री सोसतं. हनुवटीवर महिन्याच्या त्या दिवसांत एखाद दुसरा येतो. डॉक्टर म्हणाले तेच तेच परत यायला लागलं तर हार्मोन्स बघू. नवीन पिंपल्स थांबलेत पण जुने डाग आहेत तिथेच, ते हळूहळू जातील म्हणे. स्क्रबमुळे पडलेला गालावरचा डाग तेवढा माझ्या स्वतःच्या कमाईचा. दोन अभ्रे गेले, टॉवेल वाचला.

कवडसा :
छान वाटलं वाचून. माझ्याही चेहऱ्याची लाली उतरलीय बरीच. त्या तिसरीने उचलला फोन शेवटी.

जुनी_पानं :
वाचनखूण साठवली.

खडूस_काका :
एक विचारायचं होतं. पाठीवर मुरुम येत असतील, म्हणजे साठीच्या पुढे, आणि खाजत असतील, तर हे जेल चालतं का? मित्रासाठी विचारतोय.

गोळीवाला :
मित्राला सांगा, या वयात नव्याने आलेत आणि खाजतायत म्हणजे ते मुरुमच असतील असं नाही. घामाने येणारा बुरशीचा प्रकार दिसायला अगदी मुरुमांसारखा असतो, त्याचं औषध पूर्ण वेगळं आणि अँटिबायोटिकने तो उलट वाढू शकतो. आधी दाखवून घ्या. मुरुमच निघाले तर पाठीला बहुतेकदा बेंझॉईल पेरॉक्साईडचं वॉश देतात, लावायचं, थोडा वेळ ठेवायचं, धुवून टाकायचं.

खडूस_काका :
म्हणजे ब्लीचच.

गोळीवाला :
हो काका. मित्राला म्हणावं, बनियन पांढराच घालत जा.